ऑक्सिमीटर घरी कसा वापरायचा: ९८ ला ८६ वाचलेल्या माणसाकडून

२०२१ चा एप्रिल, रात्रीचे पावणेदोन, आईला तीन दिवस ताप, आणि मी लालबागच्या आमच्या खोलीत लाईट न लावता तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा आला ८६. माझे पाय लटपटायला लागले. फोन हातात घेतला, १०८ लावणार तेवढ्यात आई झोपेतच म्हणाली, "मला काही होत नाहीये रे, झोप तू." ताईने लाईट लावला, माझ्या हातून यंत्र घेतलं, सरळ केलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की बस. ९८ होता. मी पायथ्याशी बसून आकडा उलटा वाचत होतो. करून बघा कधी, त्या डिजिटल आकड्यांमध्ये ९८ उलटा धरला की ८६ दिसतो, आणि खरी भीतीची गोष्ट ही की ८६ उलटा धरला की छान ९८ दिसतो.

तेव्हापासून आमच्या घरातला ऑक्सिमीटर हे माझं खातं. आता कोविड मागे पडला पण अण्णांसाठी, म्हणजे वडिलांसाठी, तो लागतोच. अण्णा गिरणीत कार्डिंगला, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात होते, आयुष्यभर कापसाची धूळ छातीत गेली, वरून विडी, आता सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद झाल्याचा फुप्फुसाचा आजार. शेजारपाजारचेही विचारायला येतात, की आमच्याकडे पण आहे ड्रॉवरमध्ये, पण नक्की बघायचं कसं. तर जे जे शिकलो ते सगळं एकदा लिहून काढतो. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

यंत्र करतं काय

आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. शंभरातल्या किती हिमोग्लोबिनच्या सीट भरलेल्या आहेत ते टक्क्यांत दाखवायचं, एवढंच काम. बोटाच्या एका बाजूने दोन उजेड जातात, एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटरचा, आणि एक इन्फ्रारेड, ९४० च्या आसपासचा, तो डोळ्याला दिसत नाही. ऑक्सिजन भरलेलं रक्त इन्फ्रारेड जास्त शोषतं, रिकामं रक्त लाल जास्त शोषतं, पलीकडचा सेन्सर दोन्ही मोजतो आणि हिशोब लावतो. यातली खरी करामत म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर बदलतो तेवढाच भाग तो धरतो, त्यामुळे हाड, कातडी, मांस हे सगळं आपोआप बाजूला पडतं. ही कल्पना जपानच्या निहोन कोहदेन कंपनीतले इंजिनियर ताकुओ आओयागी यांची, १९७० च्या दशकातली. ते गेले २०२० च्या एप्रिलमध्ये, म्हणजे जगभर घराघरात लोक त्यांच्याच कल्पनेवर बोट ठेवून बसले होते तेव्हा.

हे एवढं का सांगितलं, तर नाडीचा ठोका बोटात नीट पोचत नसेल तर यंत्राला काहीच कळत नाही आणि तरी ते आकडा दाखवतं. पुढच्या निम्म्या सूचना फक्त या एका कारणासाठी आहेत.

घेताना

फार डोकं लावू नका, पण अगदी रस्त्यावरचा पण घेऊ नका. जुलै २०२१ मध्ये सरकारने ऑक्सिमीटरवरच्या नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घातली तेव्हा निदान लुटालूट थांबली होती. माझं मत, प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकल दुकानातून किंवा ओळखीच्या मेडिकलमधून पक्क्या बिलावर घ्या, खोक्यावर कंपनीचा पत्ता आणि आयएसओ ८०६०१-२-६१ हा नंबर आहे का बघा, हे ऑक्सिमीटरचं स्टँडर्ड आहे. आकड्याबरोबर नाडीची लाट किंवा वरखाली होणारी दांडी दाखवणारा मॉडेल घ्या, नुसते दोन आकडे दाखवणारा नको. पेन घालून आकडा येतो का बघायची ती व्हिडिओवाली टेस्ट मला फारशी पटत नाही, पेन हातात हलत असतं आणि चांगलं यंत्रही कधीकधी फसतं. त्यापेक्षा पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना आपला बरोबर न्या, त्यांचा आणि आपला एकाच हाताच्या बोटांना लावा, एक-दोनचा फरक असेल तर चालतंय, पाच-सहाचा असेल तर परत करा. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणारी ॲप अजिबात नकोत.

लावायचा कसा

इथे सावकाश वाचा, सगळी गडबड इथेच होते.

आधी माणसाला बसवा, पाच मिनिटं तरी. मुंबईत माणूस दादरचा पूल चढून, ट्रेनमधून लोंबकळून येतो, लिफ्ट बंद म्हणून चार मजले चढतो आणि दारातच बूट न काढता बोट पुढे करतो, की बघ रे जरा धाप लागलीये. त्या रीडिंगला काही अर्थ नाही. पाठ टेकून बसवायचं, बडबड बंद, हात मांडीवर किंवा टेबलावर छातीच्या उंचीला, डोक्यावर नाही आणि लोंबकळता पण नाही.

मग बोट. पहिलं किंवा मधलं, मी अण्णांचं उजव्या हाताचं मधलं घेतो आणि रोज तेच घेतो. बोट गरम पाहिजे. एसीत बसलेलं, नुकतीच भांडी घासलेली किंवा गार पाण्याने आंघोळ केलेली असली तर बोटं गार पडतात, त्यातल्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि आकडा खोटाच खाली येतो, किंवा नुसत्या रेघा येतात. तळहात एकमेकांवर चोळा, कोमट पाण्यात धरा, चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसवलं तरी काम होतं, आमच्याकडे चहाच चालतो कारण त्यात कुणाची तक्रार नसते.

नेलपॉलिश काढा, विशेषतः काळी, निळी, हिरवी असल्या गडद रंगाची, त्याने आकडा एक-दोनने कमी दिसू शकतो. नकली नखं असतील तर तीही काढायला हवीत. लग्नाची ताजी गडद मेंदी असेल तर जे बोट कमी रंगलंय ते घ्या, पण कानाची पाळी वगैरे प्रयोग करू नका, बोटाचं यंत्र बोटासाठीच असतं. नखं वाढलेली असतील तर बोट आत शेवटपर्यंत जात नाही, हे कुणी सांगत नाही पण माझ्या भाचीच्या बाबतीत तेच होत होतं. बोट आत पूर्ण टेकलं पाहिजे, नख वर, म्हणजे स्क्रीनच्या बाजूला.

त्याच हाताला बीपीचा पट्टा लावून ठेवू नका, पट्टा फुगला की बोटातला रक्तपुरवठा तुटतो आणि यंत्र गोंधळतं. आमच्याकडे एका हाताला बीपी आणि दुसऱ्याला ऑक्सिजन असा नियमच आहे. चाळीच्या गॅलरीत थेट उन्हात बसूनही बघू नका, सूर्याचा उजेड सेन्सरमध्ये शिरतो. बाहेरच बसायचं असेल तर हातावर पंचा टाका.

आता बटण दाबलं. लगेच येणारा पहिला आकडा हा आकडा नव्हे! हे मोठ्याने सांगतो कारण सगळे तोच वाचून ओरडतात. अर्धा ते एक मिनिट थांबा, हात हलवू नका, आकडा एका जागी स्थिर झाला आणि ती लाट एकसारखी उठायला लागली की मग वाचा. लाट वेडीवाकडी असेल किंवा दांडी अगदी तळाशी खुरटलेली असेल तर वर ९९ असो नाहीतर ७९, सोडून द्या, बोट गरम करून परत.

स्क्रीनवर दोन आकडे असतात. एसपीओटू (SpO2) लिहिलंय तो ऑक्सिजन, पीआर (PR) किंवा बीपीएम (bpm) लिहिलंय ती नाडी. मागे शेजारच्या काकूंनी मला धावत बोलावलं की ह्यांचा ऑक्सिजन ७४ झालाय, गेलो तर काका पेपर वाचत बसलेले आणि ७४ ही त्यांची नाडी, उत्तम. मोठ्या माणसाची बसल्या जागी नाडी ६० ते १०० मध्ये चालते. आणि उलटं वाचायचा घोळ टाळायला मी एक केलंय, ताईच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका यंत्राच्या ज्या तोंडातून बोट जातं तिकडे लावलाय. ठिपका बोटाच्या बाजूला, आणि आपण कुठून बघतोय ते बघून मगच वाचायचं. काही मॉडेलमध्ये बटण दाबत राहिलं की आकडे फिरतात, ते तर आणखीनच डेंजर, कधी कुठल्या बाजूने आहे कळत नाही, म्हणून शेजारी एसपीओटू ही अक्षरं सरळ दिसतायत ना ते बघायची सवय लावा.

शंका असेल तर एक जुनाट उपाय. दुसऱ्या हाताची नाडी मनगटाला बोटं लावून घड्याळात बघून पूर्ण एक मिनिट मोजा. तुमची मोजलेली आणि यंत्राची नाडी जवळपास जुळली पाहिजे. मनगटाला ८० आणि यंत्रात ११२ असेल तर यंत्राला ठोकेच नीट सापडत नाहीयेत, मग त्याच्या ऑक्सिजनवर तरी कसा विश्वास ठेवणार. बोट बदला. तरीही जुळत नसेल, ठोके मधेच चुकतायत असं हाताला लागत असेल, तर ती डॉक्टरांना सांगायची वेगळीच गोष्ट आहे.

आकडा आला, आता काय

फुप्फुसाचा काही आजार नसलेल्या माणसाचा आपल्या मुंबईत, म्हणजे समुद्रसपाटीला, ९५ ते १०० मध्ये असतो. ९९ चा ९७ झाला म्हणून काही होत नाही, यंत्राचीच चूक दोन टक्के इकडेतिकडे धरलेली असते. ९३-९४ दिसला तर बोट गरम करून, बोट बदलून, दहा-पंधरा मिनिटांनी परत बघा आणि तरी तोच असेल तर डॉक्टरांना फोन करा. ९२ किंवा खाली टिकून राहिला तर त्याच दिवशी, थांबायचं नाही. ९० च्या खाली गेला आणि नीट लावूनही तिथेच आहे तर सरळ हॉस्पिटल, गाडी नसेल तर १०८.

९० लाच एवढं का महत्त्व? माथेरानला गेलाय ना, पॉइंटपर्यंत चालत जाता तेव्हा सगळं सपाट वाटतं, लाल माती, झाडं, आणि मग एका पावलावर एकदम दरी. रक्तातल्या ऑक्सिजनचं तसंच आहे. १०० पासून ९० पर्यंत पठार, तिथे ऑक्सिजनचा दाब बराच घसरला तरी टक्के थोडेच कमी होतात, आणि ९० च्या पुढे कडा, दाब जरासा कमी झाला की टक्के धडाधड खाली. म्हणून ९१ वरचा माणूस "बरा आहे अजून" असं म्हणून सकाळपर्यंत थांबू नये.

पण हे सगळं निरोगी फुप्फुसांचं. आमच्या अण्णांचा नेहमीचा आकडाच ९१-९२ आहे, बरं वाटत असताना, जेवून टीव्ही बघत बसलेले असताना. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी परत फोनकडे धावलो होतो. डॉक्टरांनी समजावलं की काही सीओपीडीच्या पेशंटना ऑक्सिजन देताना ८८ ते ९२ मध्येच ठेवायचा असतो, त्याहून जास्त दिला तर त्यांच्या अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस पेंगायला लागतो. त्यामुळे घरी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र, असेल तर आकडा ९८ करायचा म्हणून स्वतःच्या मनाने त्याचा फ्लो वाढवू नका, हे मी हात जोडून सांगतो. तुमच्या माणसाला किती चालतो हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि यंत्राच्या डब्याला चिकटवा.

म्हणूनच मी म्हणतो की माणूस बरा असताना आठवडाभर मोजून ठेवा. सकाळी एकदा, रात्री एकदा, बास. तो तुमचा नेहमीचा आकडा. आजारपणात तुलना पुस्तकातल्या आकड्याशी नाही, त्याच्याशी करायची. नेहमी ९८ वाल्याचा ९४ म्हणजे चार पायऱ्या खाली, नेहमी ९२ वाल्याचा ९१ म्हणजे जागेवरच.

यंत्र बरोबर, तरी माणूस आजारी

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आकडा ९७ आहे पण माणूस एक वाक्य एका दमात बोलू शकत नाहीये, ओठ निळसर-राखाडी झालेत, छातीत दुखतंय, गोंधळल्यासारखा बोलतोय, उठवलं तरी डोळे मिटतोय, तर तो ९७ खिशात घाला आणि निघा. दम्याच्या अटॅकमध्ये बराच वेळ आकडा चांगला राहतो कारण माणूस जीव काढून श्वास घेत असतो, तो थकला की मग घसरतो, तेव्हा उशीर झालेला असतो. श्वास मोजायला शिका, पोट किंवा छाती वर आली की एक, पूर्ण एक मिनिट, त्याला न सांगता मोजायचं कारण सांगितलं की माणूस मुद्दाम हळू घेतो. मोठ्यांचा आरामात १२ ते २० असतो, २४ च्या वर गेला तर आकडा कितीही असो, फोन करा.

उलटंही होतं. कोविडमध्ये आपण बघितलं की माणूस फोनवर हसून बोलतोय आणि ऑक्सिजन ८०-८५. तिथे यंत्रानेच जीव वाचवले, त्यामुळे मी यंत्राला शिव्या देत नाहीये.

ॲनिमियात यंत्र फसतं असं नाही, पण आपण फसतो. हिमोग्लोबिन सात असलं तरी जेवढं आहे तेवढं भरलेलं असेल तर ९९ दाखवणार, सीट भरलेल्या पण डबेच कमी. आपल्याकडच्या बायकांमध्ये हे किती असतं ते सांगायला नको, थकवा, धाप आणि आकडा ९९ असं असेल तर रक्त तपासा.

आणि एक, मुंबईसाठी मुद्दाम. गॅस गीझर. लहानसं बाथरूम, खिडकी बंद, एक्झॉस्ट नाही, आणि आत गॅस जळतोय, त्यातून कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो हिमोग्लोबिनला चिकटतो आणि साध्या ऑक्सिमीटरला तो ऑक्सिजनच वाटतो, त्यामुळे माणूस बेशुद्ध पडत असताना यंत्र आरामात ९८ दाखवेल. बाथरूममध्ये चक्कर आली, डोकं गरगरलं, तर गॅस बंद, दार-खिडक्या सताड उघड्या, माणसाला बाहेर मोकळ्या हवेत, आणि हॉस्पिटल. बोटाला काही लावत बसू नका.

कातडीच्या रंगाचा पण मुद्दा आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला, त्यात रक्तातला ऑक्सिजन खरंच कमी असून यंत्रात चांगला दिसण्याचं प्रमाण काळ्या रुग्णांमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघालं. पुढे तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सांगितलं की यंत्रात ९० असेल तर खरा ८६ ते ९४ मध्ये कुठेही असू शकतो. आपण बरेचजण सावळे, तर काठावरचा आकडा असेल तेव्हा तो थोडा खालीच धरून चाला, एवढं मी त्यातून घेतलं. श्वास रोखून आकडा पडतो का बघायचे खेळ करू नका, त्यातून काही कळत नाही.

चालून बघायचं ते

कोविडमधली सहा मिनिटं चालायची टेस्ट आठवत असेल. ताप-खोकला आहे, बसून आकडा बरा आहे, पण चालल्यावर पडतो का हे बघायचं. आधी बसून मोजा, मग यंत्र बोटाला ठेवून सपाट जागेवर आपल्या चालीने सहा मिनिटं चाला, साठीच्या पुढच्यांना तीन मिनिटं पुरे. चाळीची गॅलरी याला झकास, दहा बाय बाराच्या खोलीत मात्र माणूस चालत कमी आणि वळत जास्त असतो. आकडा ९३ च्या खाली गेला किंवा पहिल्यापेक्षा तीन-चारने पडला तर डॉक्टर. बसूनच ९४ च्या खाली असेल, धाप असेल, हार्टचा त्रास असेल किंवा तोल जात असेल तर ही टेस्ट करायचीच नाही. एकट्याने पण नाही, कुणीतरी मागे खुर्ची घेऊन उभं पाहिजे.

लिहिणं आणि फोन

वही नको, हरवते. आमच्याकडे कालनिर्णयच्या चौकोनात दुधाचा हिशोब असतो त्याच्याच खाली बारीक अक्षरात "९२/७८ स" आणि "९१/८० रा" असं लिहितो. महिना उलटला की एका नजरेत कळतं. दिवसातून दोनदाच, आजारी असेल तर चार-सहा तासांनी. माझा एक मित्र दर दहा मिनिटांनी आईला लावायचा, शेवटी त्या माउलीची नाडी यंत्र बघूनच ११० व्हायला लागली.

डॉक्टरांना फोन करताना "ऑक्सिजन कमी झालाय हो" एवढंच म्हणू नका. असं सांगा, "नेहमी ९२ असतो, सकाळपासून ८८ आहे, तीनदा बघितला, दोन बोटांना, बोटं गरम होती, नाडी १०४, श्वास २६, कालपासून ताप आणि पिवळा कफ आहे." मागच्या श्रावणात मी अगदी असंच सांगितलं आणि डॉक्टरांनी पुढचा एकही प्रश्न न विचारता घेऊन या म्हणून सांगितलं. अण्णा पाच दिवसांत घरी आले.

ठेवायचा कसा

कापसाला स्पिरिट लावून आतली रबराची गादी पुसा, एकाचं झाल्यावर दुसऱ्याला लावायच्या आधी तर नक्कीच. पाण्यात बुडवायचा नाही. महिनाभर लागणार नसेल तर सेल काढून ठेवा, आपल्या पावसाळ्यात सेल गळतात आणि आतली धातूची पट्टी हिरवी होते, माझा पहिला असाच गेला. सेल मरायला आले की स्क्रीन मंद होते आणि आकडे उड्या मारतात, तेव्हा आधी सेल बदला, मग घाबरा. दोन पेन्सिल सेल त्याच डब्यात रबरबँड लावून ठेवा आणि ते टीव्हीच्या रिमोटला घालणाऱ्याला घरात दम देऊन ठेवा.